रंगरावांची सात मतं

"ही सात मतं कोणाची, ते रविवारपर्यंत शोधून काढ. नाहीतर जिन्याखालचं दुकान उचल!"

रंगराव धायगुडे हे बोलले आणि अनसूयाच्या हातातली इस्त्री जागच्या जागी थांबली.

रंगरावांना दोन नाद होते. एक जमिनी घ्यायचा, दुसरा निवडणुकीला उभं राहायचा. जमीन घ्यायची ती जिकडे कुणी ढुंकून पाहत नाही अशी. स्मशानालगतची जागा त्यांनी 'शेजारी भांडत नाहीत' म्हणून घेतली, आणि दहा वर्षांत तिथून हमरस्ता गेला. निवडणुकीत मात्र हे डोकं चालत नसे. अकरा वेळा अपक्ष उभे राहिले, अकरा वेळा आपटले.

यंदा नगरपालिकेला बारावी खेप. त्यांच्या इमारतीतल्या भाडेकरूंच्या बूथवर दोनशे मतं पडली, त्यांतली रंगरावांना सात. आणि भाडेकरू तर एकजात सांगत होते, "मालक, आम्ही तुम्हालाच दिलं." रंगरावांना त्या खऱ्या सात जणांना हार घालायचे होते. सगळ्या इमारतीचे कपडे इस्त्रीला अनसूयाकडे येत, म्हणून हे लचांड तिच्या गळ्यात पडलं.

"मालक, मत गुप्त असतंय. ते कलेक्टरला कळत नाही, मला कसं कळायचं?"

"ते तू बघ. जागा माझी आहे."

अनसूयाला राग आला. त्या कोपऱ्यात पंधरा वर्षं उभं राहून तिनं मुलीला नर्स केलं होतं. पण रागानं इस्त्री करायला गेलं की कापड जळतं, हे तिला ठाऊक होतं. मग कपडे न्यायला येईल त्याला तिनं एकच प्रश्न विचारायला सुरुवात केली.

रविवारी रंगराव झेंडूचे सात हार घेऊन हजर झाले.

"सापडले?"

"सहा सापडले. आणि नावं सांगायला त्यांची ना नाही."

"हेच सहा कशावरून?"

"मी सगळ्यांना विचारलं, मशीनवर मालकांच्या नावापुढं चित्र कसलं होतं? सगळे म्हणाले कपबशी. हे सहाच म्हणाले फणस."

रंगराव चपापले. अपक्षाला दर खेपेला वेगळं चिन्ह मिळतं. चौथ्या निवडणुकीत त्यांना कपबशी मिळाली होती. तेव्हा घाऊक छापली तर स्वस्त पडतात म्हणून त्यांनी लाखभर पत्रकं छापून ठेवली आणि पुढं दर वेळी तीच वाटली. यंदाचं त्यांचं चिन्ह होतं फणस.

"म्हणजे बाकीचे सगळे लबाड!"

"लबाड कशानं? तुमचं पत्रक बघून कितीतरी जणांनी कपबशीच दाबली असंल. ती यंदा तुमच्या विरोधातल्या उमेदवाराला मिळाली होती. तो काय उगाच निवडून आला?"

रंगरावांनी मिशीवरून हात फिरवला. "असू दे. सातवा कुठाय? सहावर भागायचं नाही."

"सातवी मी."

"ते कुणीही म्हणेल. पुरावा काय?"

"मी आत गेले, कपबशी शोधली, तर तिथं भलत्याचंच नाव. मग एकेक ओळ वाचत तुमचं नाव हुडकत बसले. बूथवरचे साहेब ओरडले, 'बाई, झोप लागली का?' सगळ्या रांगेनं ऐकलंय, विचारा कुणालाही. दुसऱ्याला द्यायचं असतं तर कशाला खोळंबले असते? आणि हा फणसाचा प्रश्न तरी मला कुठनं सुचला असता?"

रंगराव हार सावरत पुढं आले. बारा निवडणुकांत असं प्रेम त्यांनी पाहिलं नव्हतं. "अनसूया, मी निवडून यावं असं तुला इतकं वाटत होतं?"

"छे हो. निवडणूक आली की तुम्ही जिना रंगवता, नळ बदलता, टाकी धुऊन घेता. एरवी वर्ष-वर्ष इकडं फिरकत नाही. म्हटलं, एकही मत नाही पडलं तर मालक उभं राहायचंच सोडतील. मग आमच्या जिन्याचं काय?"

रंगराव असे हसले, असे हसले, की डोक्यावरची टोपी इस्त्रीच्या टेबलावर पडली. हसू आवरल्यावर त्यांनी सातवा हार अनसूयाच्या गळ्यात घातला, आणि जिन्याखालची जागा ती असेपर्यंत तिचीच, असं तिथल्या तिथं सहीनिशी लिहून दिलं.

अनसूयानं टोपी उचलली, तिच्यावरून हलकेच इस्त्री फिरवली आणि त्यांच्या हातात दिली.

"मालक, टाकी परत गळायला लागलीय. मधी एखादी पोटनिवडणूक नाही का?"