रिठ्यात धुतलेली बंडी

मेंढ्या तोंडावर उत्तर द्यायच्या त्या काळी, एका थंड किनाऱ्यावर हिरू कोळीण राहायची. नवरा नाग्या होडीवर कुडकुडतो म्हणून तिने आपल्या मेंढीची अर्धी लोकर कातरली, रिठ्याच्या गरम पाण्यात चोळचोळून पांढरीशुभ्र केली आणि गावातली पहिली लोकरीची बंडी विणली. शेजारणी म्हणाल्या, "काय गं बाई, कापसासारखी दिसतेय!" हिरू फुलून गेली.

पण समुद्रावर पहिल्याच लाटेने बंडी भिजून दगडासारखी जड झाली. नाग्या परतला तो काळानिळा पडून, दात वाजवत. हिरू तणतणत मेंढीकडे गेली. "फसवलंस मला! तुझी लोकर कुचकामी!"

मेंढी भडकली. "अख्खा पावसाळा मी उघड्यावर काढते. माझी कातडी कधी ओली पाहिलीस? लाव हात पाठीला!"

हिरूने हात लावला. तो तेलकट झाला, उग्र वास आला.

"पाणी अडवतं ते हे तेल. तेच तू धुऊन टाकलंस! बंडी समुद्रासाठी विणलीस, की शेजारणींसाठी?"

हिरूने मेंढीच्या अंगावर उरलेली लोकर कातरून न धुताच कातली आणि दुसरी बंडी विणली. शेजारणींनी नाकाला पदर लावला. नाग्या मात्र कोरडा परतला.

मग त्याच शेजारणी नवऱ्यांची मापं घेऊन दारात आल्या. एक म्हणाली, "आमची तेवढी जरा धुऊन विण हं."

मेंढीने खूर आपटला. पण तिच्याआधी हिरूच कडाडली, "माप आणलंस ते ठीक, पण नाक घरी ठेवून यायचंस!"