नारोबुवांची पाटी

“पण बुवा, तुम्ही तेव्हाच का नाही सांगितलंत लोकांना?”

बुवांच्या घरी बसून डॉक्टर निशिकांत पेठे खाली मान घालून विचारत होते. लहानपणी ते नारोबुवांकडेच भजन शिकले. पुढे घशाचे मोठे सर्जन झाले, आणि दोन वर्षांपूर्वी बुवांच्या स्वरतंतूवरची गाठ त्यांनीच काढली.

“काय सांगायचं होतं?” बुवा म्हणाले. आवाज कसला, नुसती खरखर.

“की तुम्ही मौन पाळलं होतं...”

ऑपरेशननंतर सात दिवस तोंडातून अक्षर काढायचं नव्हतं. बुवांनी पाटीवर लिहून चहा मागितला, पाटीवर लिहून आम्हा भजनी मंडळींना शिव्यासुद्धा घातल्या. तरी आवाज परतला नाही. तेव्हा याच डॉक्टरांनी देवळात चारचौघांत सांगितलं, ‘बुवांनी पथ्य मोडलं.’ आणि आम्ही शहाण्यांनी ते खरं मानलं. पाटी डोळ्यांनी पाहिली होती, तरीसुद्धा! बुवांना मागच्या रांगेत बसवलं, हातात टाळ दिले. सांगायलाही लाज वाटते.

डॉक्टर बुवांच्या कानाशी वाकले. मी शेजारीच पखवाजाला कणीक लावत होतो, म्हणून मला ऐकू आलं.

“माझा हात चुकला, बुवा. गाठीबरोबर चांगला भागही कापला गेला. मला तिथेच कळलं होतं.”

डॉक्टरांनी बुवांचा हात धरला.

“माफ करा मला.”

बुवांनी त्यांच्या ओठांवर बोट ठेवलं.

“कुजबुजू नकोस. तूच म्हणाला होतास ना, कुजबुजल्यानं घसा जास्त बिघडतो?”

डॉक्टरांनी बाहेर पाहिलं. ओट्यावर अख्खं भजनी मंडळ टाळ वाजवत बसलं होतं.

ते उठले, दारात गेले, हात जोडले.

“बुवांनी पथ्य मोडलं नव्हतं! चूक माझी होती. मी खोटं बोललो!”

टाळ थांबले. कुणी कुणाकडे बघेना. माझे कणकेचे हात तसेच राहिले.

डॉक्टर परत येऊन बुवांच्या पायाशी बसले.

“बुवा, त्या दिवशी एकामागून एक ऑपरेशनं होती हो, आणि त्यात...”

बुवांनी कोनाड्यातली पाटी काढली आणि त्यांच्या मांडीवर ठेवली.

“आता सात दिवस गप्प राहा, बाळा. जखम ओली आहे.”