गुलाब पुन्हा फुलेना

आक्कांच्या परसात एक गावठी गुलाब होता. त्या गुलाबावर रोज यायची गुंजी. गुंजी म्हणजे एवढीशी मधमाशी. सारखी आपली इकडून तिकडे, तिकडून इकडे. भिर्र भिर्र, गुंई गुंई.

पोळ्यात तिची पाच पिल्लं होती. गुलाबाच्या पोटात पिवळी पिवळी पिठी असते ना, ती गुंजी पायांना लावून न्यायची आणि पिल्लांना भरवायची.

थंडीतल्या एके सकाळी गुंजी आली, तर गुलाबावर फूलच नाही. पाकळ्या खाली मातीत. वर नुसती वाळकी बोंडं.

"गुलाबदादा, गुलाबदादा, एक फूल दे ना. पिल्लं उपाशी आहेत."

गुलाब म्हणाला, "यंदाचं फुलून झालं. आता पुढच्या वर्षी ये."

"पुढच्या वर्षी? पिल्लांना तर आत्ता भूक लागलीय."

गुलाबाने थोडा विचार केला. "मग असं कर. ही वाळकी फुलं माझं सगळं बळ खातात. कुणी ती कापली, तर यंदाच पुन्हा फुलेन."

निघाली गुंजी. भिर्र भिर्र, गुंई गुंई. गेली आक्कांकडे. आक्का ओट्यावर शेंगा सोलत होत्या.

"आक्का, आक्का, वाळकी फुलं कापा.
गुलाब फुलेना,
पिल्लांना पिठी मिळेना."

आक्का म्हणाल्या, "कापली असती गं. पण कात्री बोथट झालीय. आधी धार लागू दे, मग बघू."

निघाली गुंजी. भिर्र भिर्र, गुंई गुंई. गेली धारवाल्या काकांकडे. काका लिंबाखाली आपल्या चाकाशी बसले होते.

"काका, काका, कात्रीला धार लावा.
कात्री कापेना,
गुलाब फुलेना,
पिल्लांना पिठी मिळेना."

काका म्हणाले, "लावली असती गं. पण चाक अडकलंय. आधी तेल मिळू दे, मग बघू."

निघाली गुंजी. भिर्र भिर्र, गुंई गुंई. गेली तेलवाल्या मावशींकडे. मावशींचा लाकडी घाणा होता. बैल फिरला की घाणा फिरायचा, घाणा फिरला की तेल निघायचं.

"मावशी, मावशी, थेंबभर तेल द्या.
चाक फिरेना,
कात्री कापेना,
गुलाब फुलेना,
पिल्लांना पिठी मिळेना."

मावशी म्हणाल्या, "दिलं असतं गं. पण बैल रुसून बसलाय. आधी बैल उठू दे, मग बघू."

निघाली गुंजी. भिर्र भिर्र, गुंई गुंई. गेली बैलाकडे.

"बैलदादा, बैलदादा, ऊठ ना.
तेल निघेना,
चाक फिरेना,
कात्री कापेना,
गुलाब फुलेना,
पिल्लांना पिठी मिळेना."

बैल म्हणाला, "उठलो असतो गं. पण पोट रिकामं आहे. आधी हिरवं गवत मिळू दे, मग बघू."

निघाली गुंजी. भिर्र भिर्र, गुंई गुंई. गेली गवताकडे. गवत पिवळं पडून माना टाकून बसलं होतं.

"गवता, गवता, वाढ ना.
बैल उठेना,
तेल निघेना,
चाक फिरेना,
कात्री कापेना,
गुलाब फुलेना,
पिल्लांना पिठी मिळेना."

गवत म्हणालं, "वाढलं असतं गं. पण घसा सुकलाय. आधी पाणी मिळू दे, मग बघू."

निघाली गुंजी. भिर्र भिर्र, गुंई गुंई. गेली पाण्याच्या पाटाकडे.

"पाटा, पाटा, वाहा ना.
गवत वाढेना,
बैल उठेना,
तेल निघेना,
चाक फिरेना,
कात्री कापेना,
गुलाब फुलेना,
पिल्लांना पिठी मिळेना."

पाट म्हणाला, "वाहिलो असतो गं. पण माझ्या तोंडाशी बेडूक बसलाय. आधी तो हलू दे, मग बघू."

गुंजीने पाहिलं. पाटाच्या तोंडाशी हाऽऽ एवढा बेडूक. गाढ झोपलेला. घुर्र घुर्र.

"बेडकोबा, बेडकोबा, हला ना.
पाट वाहेना,
गवत वाढेना,
बैल उठेना,
तेल निघेना,
चाक फिरेना,
कात्री कापेना,
गुलाब फुलेना,
पिल्लांना पिठी मिळेना."

बेडूक म्हणाला, "घुर्र घुर्र."

आता पुढे जायला कुणीच नव्हतं. आणि बेडूक माशा खातो, हे गुंजीला ठाऊक होतं. ती मागे गेली. पुढे आली. पुन्हा मागे गेली. मग तिला पिल्लांची उघडी तोंडं आठवली. ती बसली थेट बेडकाच्या नाकावर आणि सहा पायांनी चालू लागली. तुरुतुरु, तुरुतुरु.

"आ... आ... आक्छी!"

टुणुक. बेडूक उडाला पलीकडे. भिर्र. गुंजी उडाली वर.

बेडूक हलला, पाट वाहिला. झुळूझुळू.
पाट वाहिला, गवत वाढलं. लुसलुस.
गवत वाढलं, बैल चरला, बैल उठला. खुळखुळ.
बैल उठला, तेल निघालं. टप टप.
तेल निघालं, चाक फिरलं. गरगर.
चाक फिरलं, कात्रीला धार आली. लखलख.

आक्का आल्या गुलाबाशी. पाच पानं एकत्र दिसली की त्यांच्या जरा वर कात्री लावायच्या. कच्. कच्. कच्. वाळकी फुलं पडली खाली. मुळाशी आक्कांनी मूठभर शेणखत घातलं, वर तांब्याभर पाणी.

दुसऱ्या दिवशी गुंजी हजर. "फुललास?"

"अगं, कालच तर कापलंय."

तिसऱ्या दिवशी पुन्हा. "फुललास?"

"अजून नाही."

तोवर ती तुळशीच्या मंजिरीतली चिमूटभर पिठी घरी न्यायची. एक घास, पाच तोंडं.

गुलाबाला तांबूस पालवी फुटली. "फुललास?"

"अजून नाही."

हिरवी कळी आली, घट्ट मिटलेली. गुंजी तिच्याभोवती घिरट्या घालत राहिली. "आता? आता?"

"उद्या बघ."

उद्या उजाडला. थंडी अजून सरली नव्हती. आणि कळी उमलली. एक नाही, तीन.

गुलाब म्हणाला, "ये गं गुंजे. घे तुझी पिठी."

गुंजी फुलात शिरली आणि पिवळी पिवळी होऊन बाहेर आली. घरी गेली. पहिलं पिल्लू जेवलं. दुसरं जेवलं. तिसरं जेवलं. चौथं जेवलं. पाचवं तोंडात घास धरूनच झोपी गेलं.