सारवलेलं घर आणि भट्टीमागची मांजरी

एका गावात एक कुंभारीण होती. मडकी तिचा नवरा घडवायचा, पण गावभर नाव होतं ते हिच्या सारवणाचं. रोज सकाळी शेणाचा काला करायचा, घर कोपऱ्याकोपऱ्यातून सारवायचं, वर खांबही पुसून काढायचे. एवढी टापटीप, की बघणाऱ्यालाच धाप लागावी!

तिच्या घरामागे मडकी भाजायची भट्टी होती. भट्टीच्या राखेत एक मांजरी राहायची. तिथे ऊब होती, उंदीर होते, तिचं छान चाललं होतं. पण गावाच्या कडेला तरस फिरू लागलं. आधी शेजारच्या कोंबड्या गेल्या, मग मांजरीच्या सोबतीचा बोकाही गेला. कुंभारणीने मांजरीला उचललं, घरात आणलं आणि दार लावून घेतलं.

"आता हे घर तुझंच बरं का!" ती म्हणाली.

मांजरी जी कणगीमागे दडली, ती दुधालाही तोंड लावीना. दिवेलागणीला तेवढी बाहेर यायची, खांबाला गाल घासून आपला वास लावायची आणि एका कोपऱ्यात अंग मुडपून पडायची. जरा धीर यायचा. सकाळी बघते तर कोपऱ्याला ताज्या शेणाचा वास, खांबाला कसलाच नाही! मांजरी पार गोंधळून जायची. काल इथे मी होते ना? मग हे कालचंच घर, की दुसरंच कुठलं? बिचारी पुन्हा कणगीमागे.

इकडे कुंभारीणही गोंधळली. सासू म्हणाली, "पंजांना लोणी लाव आणि चुलीभोवती फिरव. मग जात नाही कुठे." कुंभारणीने तसं केलं. मांजरीने लोणी चाटून साफ केलं आणि परत कणगीमागे गेली.

"सोडून दे गं," नवरा म्हणाला. "उघड्यावरचं जनावर ते, घरात रमायचं नाही."

"आणि तरसाने नेली म्हणजे?"

नवरा उठून चाकावर जाऊन बसला.

मग एकदा भट्टीपाशी कुंभारणीचा हात पोळला. सारवण राहिलं. मांजरी सकाळी कोपऱ्यात आली, तिने हुंगलं, पुन्हा हुंगलं आणि तिथेच ऐसपैस पसरली. दूधसुद्धा प्यायली. कुंभारणीला आनंद झाला, पण कारण काही कळेना. हात बरा होताच तिने दुप्पट जोमाने घर सारवलं, तर मांजरी थेट आढ्यावर चढून कौलं उचकटू लागली!

कुंभारीण शेणाने भरले हात तसेच धरून कोपऱ्याकडे बघत राहिली.

"अगं बाई! घर तुझं म्हणते आणि रोज उठून तुलाच पुसून टाकते की मी!"

तिने राखेची एक पाटी आणि भट्टीमागचं जुनं गोणपाट आणून कोपऱ्यात ठेवलं. तो कोपरा आणि जवळचा खांब यांना हात लावायचा नाही, असं ठरवलं. सोपं नव्हतं हो! हळदीकुंकवाला बायका यायच्या होत्या. तो मळका कोपरा बघून तिचा जीव नुसता तळमळत होता. पोतेरं दोनदा हातात घेतलं, दोनदा खाली ठेवलं.

बायका आल्या. एकीने कोपरा बरोबर हेरला.

"काय गं, शेण कमी पडलं वाटतं?"

सगळ्या हसल्या. कुंभारीण ओशाळली. तेवढ्यात तिचं लक्ष गेलं, येणाऱ्या-जाणाऱ्यांत दार सताड उघडं राहिलं होतं! मांजरी उठली आणि उंबऱ्यापर्यंत गेली. कुंभारणीचा कुंकवाचा हात हवेतच थांबला. धावून धरावं, तर बिथरून पळेल. मांजरीने बाहेरचा वारा हुंगला. मग ती वळली, आपल्या खांबाला गाल घासला आणि गोणपाटावर येऊन डोळे मिटून पडली.

कुंभारणीच्या डोळ्यांत पाणी आलं.

"शेण पुष्कळ आहे, बाई," ती म्हणाली. "पण तेवढी जागा तिची आहे."

तात्पर्य: कुणाला घरात घेतलं, तर त्याच्या खुणाही घरात राहू द्याव्यात, नुसतं 'घर तुझंच' म्हणून भागत नाही.