दाजीबांना न लागलेला दोर

घाटाच्या पायथ्याला एक गाव होतं. तिथे दाजीबा शेलार नावाचे एसटी ड्रायव्हर नोकरीतून निवृत्त होऊन सुखानं राहत होते. एकतीस वर्षं त्यांनी घाटातून गाडी चालवली. धुकं असो, दरड असो, समोरून उसाचा ट्रक येवो, दाजीबांची गाडी वेळेवर पोहोचायची. अपघात एकही नाही. पण त्यांना खरा अभिमान होता तो वेगळ्याच गोष्टीचा. त्यांच्या गाडीला दोर बांधून दुसऱ्या गाडीनं ओढून नेलं, असं एकदाही घडलं नव्हतं. ही गोष्ट ते पाहुण्यांना चहाच्या आधी सांगत आणि चहा झाल्यावर पुन्हा सांगत.

त्यांचा एक नेम होता. गाडी काढण्यापूर्वी लोखंडी टॉमी, म्हणजे चाक खोलायची छोटी पहार, घ्यायची आणि सहाही चाकांवर एकेक ठोका द्यायचा. टणटणीत आवाज आला तरच गाडी हलायची. ठप्प आवाज आला, की आगारातले साहेब ओरडले तरी दाजीबा स्टिअरिंगला हात लावत नसत. निवृत्तीच्या दिवशी त्यांना शाल आणि नारळ मिळाला, पण त्यांनी साहेबांकडून मागून घेतली ती टॉमी.

यंदा त्यांच्या जावयानं चारही चाकांना जोर असलेली जीप घेतली. दोन गावं ओलांडून एका माळावर कुणीतरी ऑफरोड पार्क काढलं होतं. चाळीस एकर खडकाळ रान, त्यात मुद्दाम केलेला चिखल, मुद्दाम ओतलेली वाळू आणि मुद्दाम ठेवलेले धोंडे. लोक तिकीट काढून तिथे गाड्या घालत. टेकडीच्या माथ्यावर एक पितळी घंटा टांगलेली होती. जो वर पोहोचेल त्यानं ती वाजवायची.

"रस्ता सोडून गाडी घालायची आणि वर तिकीट काढायचं?" जावयानं तिथे चला म्हटल्यावर दाजीबा पोट धरून हसले. "नोकरीत असं केलं असतं तर दुसऱ्या दिवशी घरी बसवलं असतं मला!"

पण त्यांची बायको सगुणाबाई हसली नाही. ती म्हणाली, "अहो, अख्खा तालुका तुमच्या गाडीत बसला. मी मात्र कधी तुमच्या शेजारी बसले नाही. केबिनमध्ये घरचं माणूस नको, हा तुमचाच नियम. आता कसला नियम? चला."

दाजीबांनी कोपऱ्यातली टॉमी उचलली. जावयासह तिघं जीपमधून निघाले. वाटेत त्यांनी बायकोला शब्द दिला, "आज ती घंटा तुझ्या हातानं वाजणार."

पार्कच्या फाटकावर इंदूबाई नावाची, रानात गाडी घालायला शिकवणारी बाई होती. वीस वर्षं भाताच्या खाचरांत ट्रॅक्टर चालवून ती इथे आली होती. तिनं जीपकडे पाहिलं आणि म्हणाली, "अण्णा, चारी चाकांतली निम्मी हवा काढा. पुढं वाळू हाय."

दाजीबांना वाटलं, ही बाई आपली थट्टा करते आहे. हवा काढायची? ज्या हवेसाठी आपण एकतीस वर्षं ठोके दिले, ती? त्यांचा चेहराच उतरला. पण जावई जवळच उभा होता आणि मागे चार गाड्या खोळंबल्या होत्या, म्हणून त्यांनी वाद घातला नाही. ते चाकापाशी वाकले, उगाच दोन मिनिटं बसले आणि उठून म्हणाले, "काढली."

"ड्रायव्हर मानसाचा शब्द. मी कशाला मोजून बघू?" इंदूबाई हसून म्हणाली आणि तिनं फाटक उघडलं.

जावई चहाच्या टपरीवर थांबला आणि हे दोघं निघाले. सगुणाबाई पदर सावरून ताठ बसली होती. दाजीबांनी धोंडे ओलांडले, चढ घेतला, एक ओढा पार केला. बायको मधूनच त्यांच्या हातांकडे बघत होती आणि दाजीबांच्या अंगावर मूठभर मांस चढत होतं. मग वाळू आली. वीस पावलं जीप नीट गेली. पुढे चाकं जागच्या जागी फिरू लागली. दाजीबांनी जोर दिला, तशी जीप आणखी रुतली. आणखी जोर दिला आणि जीपचं बूड पार वाळूला टेकलं.

दाजीबांना घाम फुटला. घाटातल्या धुक्यात फुटला नव्हता, तो इथे भर उन्हात फुटला.

दाजीबांनी शेवटी दिलेला हॉर्न ऐकून इंदूबाई ट्रॅक्टर घेऊन आली. मागे बघे जमले, जावईही धावत आला. इंदूबाईच्या खांद्यावर मनगटाएवढा जाड दोर होता. पाहुण्यांना सांगायची एकुलती एक गोष्ट आता संपणार होती, आणि तीही बायकोच्या डोळ्यांदेखत.

इंदूबाईनं जीपभोवती एक फेरी मारली. तिला काही कळेना. "हवा काढून बी बसली? मग गाडीतच काहीतरी खोट हाय, अण्णा. पुढच्या चाकांना जोर मिळत नसंल. ओढूनच न्यावी लागंल."

"कंपनीनं फसवलं मला!" जावई हळहळला.

दाजीबांपुढे पळवाट आयती चालून आली होती. नुसतं गप्प राहिलं तरी पुरे होतं. दोष गाडीवर गेला असता आणि दोर लागला तरी त्यांच्या नावावर कुणी मांडला नसता. त्यांनी जावयाच्या पडलेल्या चेहऱ्याकडे पाहिलं. मग जीपकडे पाहिलं. आयुष्यभर त्यांनी गाडीची चूक गाडीवर आणि आपली चूक आपल्यावर ठेवली होती.

"गाडी चांगली आहे," ते म्हणाले. "मी हवा काढलीच नाही. खोटं बोललो. बांधा दोर."

बघ्यांमध्ये कुणीतरी खुदकन हसलं. इंदूबाईनं मात्र खांद्यावरचा दोर उतरवून ट्रॅक्टरवर टाकला.

"मग दोर कशाला? आता काढा की हवा!"

दाजीबा वाळूत गुडघे टेकून बसले. आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी आपल्या हातानं भरल्या चाकाची हवा सोडली. फुस्स आवाज होत राहिला आणि चाक तळाशी थापल्या भाकरीसारखं पसरलं. एकेक करत चारही चाकं झाली. सगुणाबाईनं पदर खोचला आणि चाकांपुढची वाळू हातानं उपसली. मग दाजीबांनी हळूच क्लच सोडला. जीप जराशी मागे गेली, पुढे आली आणि कुठलीही कुरकुर न करता वाळूवरून चालू लागली.

इंदूबाई ओरडली, "खाचरात ट्रॅक्टरची चाकं बी अशीच मऊ ठेवतो आम्ही! रस्त्यावर तुमचं खरं, हितं माझं!"

"तुझं खरं, बाई!" दाजीबाही तितक्याच जोरात ओरडले, आणि तसं ओरडताना त्यांना फार बरं वाटलं.

माथ्यावर वारा सुटला होता. खाली घाटाची वळणं दिसत होती, ती सगळी दाजीबांच्या ओळखीची होती. सगुणाबाईनं घंटा वाजवली. एकदा नाही, चांगली तीन वेळा वाजवली.

"पुरे, पुरे," दाजीबा म्हणाले. "वर पोहोचल्याची घंटा एकदाच वाजवायची असते."

"पहिली वर पोहोचल्याची," ती म्हणाली. "उरलेल्या दोन तुम्ही खाली खरं बोललात त्याच्या."

परतताना फाटकावर त्यांनी चाकांत पुन्हा हवा भरली. दाजीबांनी टॉमी काढून चारही चाकांवर ठोके दिले. आवाज टणटणीत आला आणि ते समाधानानं रस्त्याला लागले. पाहुण्यांना ते आजही सांगतात, की आपल्या गाडीला कधी दोर लागला नाही. फक्त आता, तो कसा लागता लागता राहिला, हेही सांगतात, आणि पाहुण्यांना हा भाग जास्त आवडतो.

तात्पर्य: नव्या जागी जाणत्या माणसालाही पहिल्यापासून शिकावं लागतं, आणि शिकताना चूक झाली तर ती आपल्याच तोंडानं सांगावी. चूक लपवणारा अडकून पडतो, ती सांगून टाकणाऱ्याला सुटायची वाट सापडते.