कासारणीला विचारलेली वाट

"आणि समजा, आम्ही पोचलो तेव्हा खाडी भरलेली असली तर?"

"तर बसायचं."

"किती वेळ?"

"उतरेपर्यंत."

मैथिलीने वहीत लिहिलं, 'बसणे'. वेळेच्या रकान्यात पेन टेकवलं, उचललं, पुन्हा टेकवलं. शेवटी तिथे एक प्रश्नचिन्ह काढलं. त्या पानावरचं ते नववं होतं.

येसूआक्का कासारीण पडवीत पाय पसरून बसली होती. मांडीवर काचेच्या बांगड्यांचा ढीग, हातात दोरी. चाळीस वर्षं डोक्यावर टोपली घेऊन ती या किनाऱ्याची गावं पायी फिरली होती. एका गावात बांगड्या भरायच्या, तिथेच कुणाच्या तरी ओटीवर पाठ टेकायची, उजाडलं की पुढचं गाव. आता गुडघे बसले होते, पण जीभ आणि बोटं चालत होती. किनाऱ्याची वाट कुणालाही विचारा, तो मान वळवून तिच्याच घराकडे बोट दाखवायचा.

मैथिली पुण्याची. शाळेत विज्ञान शिकवायची. उद्या सकाळी ती, तिच्या दोन मैत्रिणी आणि सात वर्षांची लेक जुई, अशा चौघींनी चार दिवस किनाऱ्याकिनाऱ्याने चालायचं होतं. रात्री तंबू. मैत्रिणी आत्ता खाली वाळूत तंबूच्या काठ्या मोजत होत्या, आणि मैथिली इथे शंका मोजत होती.

हा बेत तिसऱ्यांदा ठरला होता. पहिल्यांदा आदल्या रात्री जुईला ताप आला. नव्याण्णव. दुसऱ्यांदा मोबाईलवर पावसाचा ढग दिसला, आणि मग ते चार दिवस असं कडक ऊन पडलं, की मैथिलीला खिडकीत जायची लाज वाटली.

या वेळी जुईने आपली पिशवी भरलीच नव्हती. "आधी निघूया. मग भरते," म्हणाली होती.

ते वाक्य मैथिलीच्या घशात तेव्हापासून माशाच्या काट्यासारखं बसलं होतं. आणि तरीही, गावात उतरल्या उतरल्या, मैत्रिणींची पाठ वळलेली बघून तिने परतीच्या एसटीची वेळ विचारून घेतली होती. सकाळी सात.

"आक्का, घड्याळाप्रमाणे सांगा ना. उद्या खाडी कधी उतरेल?"

"आज तिथी कुठली?"

"आज... एकोणीस तारीख."

"तारीख दर्याला कळत नाय गो. तिथी विचारत्येय."

मैथिलीने मोबाईल चाचपला.

"चवथ आज. उद्या पंचमी. पाचाची पाऊणपट कर."

"पावणेचार."

"पहाटे पावणेचाराला भरती. म्हणजे नऊ-दहाला पोरगी गुडघ्याएवढ्या पाण्यातनं हसत पलीकडे."

मैथिलीने प्लॅस्टिकच्या पाकिटातून छापील तक्ता काढला. बोट फिरवलं. भरती, तीन पन्नास. ती तीन रविवार खपून तो तक्ता शोधत बसली होती. तिला हायसंही वाटलं आणि थोडा रागही आला.

"बरं, तंबू कुठे ठोकायचा?"

"कुत्रा झोपतो तिथं."

"म्हणजे?"

"गावचा कुत्रा रात्री भरतीच्या पाण्यात झोपत नाय, वाऱ्यात झोपत नाय, मुंग्यांवर झोपत नाय. संध्याकाळी त्याच्याकडे बघायचं. त्याच्या शेजारी आपली पथारी टाकायची."

मैथिलीने लिहिलं, 'कुत्रा'. जरा थांबली.

"आणि तो चावला तर?"

येसूआक्काने ओवायचं थांबवून पहिल्यांदाच तिच्याकडे नीट पाहिलं. मग नजर तिच्या शेजारच्या पाठपिशवीवर गेली. पिशवी भिंतीला टेकून बसली होती, एखाद्या लठ्ठ पाहुण्यासारखी.

"यात काय काय हाय?"

मैथिलीला हा प्रश्न आवडला. याचं उत्तर तिच्याकडे तयार होतं. तिने यादी उलगडली. त्रेसष्ट वस्तू. त्यातल्या चौदा औषधं. जेलीफिशवर लावायला व्हिनेगर. शिट्टी, आणि ती हरवली तर दुसरी शिट्टी.

आक्काने शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

"एवढं सगळं घेतलंस... मग घर कशाला ठेवलंस मागं?"

अंगणात जुई फस्सकन हसली. ती मघापासून दगडी गडग्यावर बसून पाय हलवत होती आणि ऐकत नसल्याचं दाखवत होती.

"तुम्ही काय न्यायचात?" मैथिलीने जरा फणकाऱ्यानेच विचारलं.

"टोपली. टोपलीखाली चुंबळ."

"एवढंच?"

"धाकटी झाल्यावर धाकटी."

"मुलीला घेऊन चालायचात? कडेवर?"

"टोपलीत. एका अंगाला बांगड्या, एका अंगाला ती. रडायला लागली की बांगड्या खुळखुळवायच्या."

मैथिलीचं पेन खाली आलं.

"आक्का, तुम्हाला भीती नाही वाटली?"

"वाटायची तर!"

"मग?"

"लाथा मारायची ना मेली. बांगड्यांची फार भीती वाटायची."

जुई आता उघडच हसत होती. मैथिलीलाही हसू आलं, पण ते अर्ध्यावरच विरलं. तिने वही मिटली.

खरा प्रश्न वहीत लिहिलेलाच नव्हता.

"आक्का..." तिचा आवाज खाली आला. "मला सगळं कळतं हो. तक्ते कळतात, नकाशा कळतो. रात्री ही झोपली की मी हिच्या छातीवर हात ठेवून बघते, श्वास चालू आहे ना म्हणून. सात वर्षांची आहे. माझं मलाच हसू येतं, पण हात जातोच."

आक्का ओवत राहिली.

"एवढंच सांगा. हिला काही होणार नाही ना? तुम्ही हो म्हणालात तर जाते. नाहीतर सातची गाडी आहे."

समुद्राचा आवाज येत होता. आक्काची बोटं थांबली. मैथिलीला वाटलं, आता ही डोळे मिटेल, काहीतरी बोलेल...

"ए चिमणे," आक्काने अंगणाकडे बघून हाक मारली. "इकडे ये. कुठल्या रंगाच्या भरू?"

जुई धावत आली. "पिवळ्या!"

"पिवळ्या कोण घालतं गो? हिरव्या घाल."

"पिवळ्याच."

"आईवर गेलीयस. हेका सोडायचा नाय." आक्काने ढिगातून सहा पिवळ्या वेचल्या. जुईचा हात आपल्या खरबरीत हातात घेतला, अंगठा तळव्यात दुमडला, बोटांचा जुडगा दाबला, आणि कुणाला कळायच्या आत सहाच्या सहा मनगटावर. "झालं. जा, वाजवून बघ."

"सावकाश!" मैथिली म्हणाली. "जुई, काच आहे ती. धावू नकोस. हात वर धर. तसा नाही गं..."

जुईने हात वर धरला, बांगड्या वाजवल्या, आवाज आवडला म्हणून पुन्हा वाजवल्या, आणि त्या आनंदात अंगणाच्या मधोमध एक कोलांटी मारली.

टिच्.

मैथिली दोन पायऱ्या एकदम उतरली. "फुटली! बघू! लागलं ना? बघू आधी!"

"अगो, फुटली म्हणू नये," मागून आक्का म्हणाली. "वाढली म्हणावं."

मनगटावर एक ओरखडा. त्याच्या टोकाला रक्ताचा एकच थेंब, मोहरीएवढा. तोवर औषधांची पिशवी उघडली होती, कापूस बाहेर आला होता, जंतुनाशक बाहेर आलं होतं, आणि यादीत नसलेली तिसरी शिट्टीही बाहेर आली होती.

"आई, दुखत नाहीये."

"तू गप्प बस."

"खरंच नाही दुखत. बघ, पाच अजून वाजतायत."

पण आईने पट्टी लावली. पट्टीवर पट्टी लावली. मग साबण लावल्यासारखा हात चोळत उरलेल्या पाच बांगड्या एकेक करून उतरवल्या. जुई हात तेवढा सैल सोडून उभी राहिली. याची तिला सवय होती.

मैथिली पडवीत परत आली. बांगड्या तिने आक्कापुढे ठेवल्या. तिचे कान तापले होते.

"आक्का, या दोरीत बांधून द्या. नाहीतर चार दिवसांत... नाहीतर सगळ्या वाढतील."

"तूच बांध," आक्काने दोरीचा तुकडा पुढे केला. "माझ्या बोटांनी आता घट्ट गाठ बसत नाय."

मैथिलीने बांगड्या ओवल्या. एकीला एक चिकटून, फट राहणार नाही अशा. पहिली गाठ मारली, ओढून पाहिली.

आक्का बघत होती. "बरं बांधत्येस."

"हलता कामा नयेत ना."

"होय तर. चाळीस वर्षं न्हेल्या मी डोक्यावरनं. खाडीत पाय घसरला, वाळूत पडले, एकदा तर रेड्याने उडवलं. पण दोरीतली बांगडी वाढत नाय."

"तेच म्हणतेय मी," मैथिली समाधानाने म्हणाली, आणि दुसरी गाठ मारली.

आक्काने मान डोलावली.

जुई पडवीच्या कडेला येऊन टेकली होती. पट्टी लावलेला हात मांडीवर, नजर आईच्या बोटांवर. तिने हट्ट केला नाही, रडली नाही. नुसतं विचारलं, शाळेत उद्या कुठला तास आहे असं विचारावं तसं...

"मग मी त्या कधी घालू?"

"मोठी झालीस की," मैथिली म्हणाली.

म्हणाली, आणि तिसरी गाठ मारता मारता तिची बोटं दोरीवरच राहिली.

येसूआक्काने जुईचा मोकळा हात आपल्याकडे ओढून घेतला, तळव्याभोवती बोटं वळवून नीट चाचपला, आणि मैथिलीकडे बघून म्हणाली,

"तेव्हा ह्या चढायच्या नायत गो, बाय."