खारीच्या शेपटीचा कुंचला

“मुनीरला खारीच्या शेपटीचा कुंचला, आणि मला गाढवाच्या आयाळीचा? असं का, बाबा?”

कमालबाबा खलात रंग घोटत होते. घोटतच राहिले.

“मी तुमचा जुना शिष्य. तो कालपरवा आला...”

“गाढवाचे केस वाईट असतात का रे, सटवाजी?”

वाईट नव्हते. जाड रेघ एका दमात ओढायला त्यांच्यासारखं दुसरं काही नाही, हे सटवाजीला पक्कं ठाऊक होतं. पण मुनीरच्या हातात तो बारीक, मऊ कुंचला दिसला की त्याच्या पोटात दुखायचं. त्याला औषध नव्हतं.

कमालबाबा फकीर होते. टेकडीवरच्या दर्ग्यासाठी चिनीमातीच्या लाद्या रंगवायचे, आणि शिकायला येईल त्याला रंग-कुंचला स्वतः निवडून द्यायचे. आता दर्ग्याच्या दारावरची मोठी लादी रंगवायची होती आणि बाबांचा हात थरथरायला लागला होता. दोघांनी एकेक लादी रंगवून भट्टीत घालावी, ज्याची चांगली उतरेल त्याने दाराची करावी, असं ठरलं. बाबांच्या मागे ही जागाही तोच सांभाळणार, हे कुणी बोललं नव्हतं. पण कुणाला कळायचं राहिलंही नव्हतं.

मुनीरने निळी वेल काढली. सटवाजीला पिवळी फुलं काढायची होती.

दुपारी मुनीर नमाजाला गेला, आणि सटवाजीने त्याचा कुंचला उचलला.

त्या जागेचा एक नियम होता. निळ्याचा कुंचला निळ्यातच बुडवायचा. कच्चा निळा रंग काजळीसारखा दिसतो, कितीही धुतला तरी केसांच्या मुळाशी कणभर उरतो, आणि भट्टीत गेल्यावरच खरं रूप दाखवतो. मुनीरला हे शिकवलं कुणी? सटवाजीनेच! पण माणूस जळायला लागला की आपणच शिकवलेलं विसरतो. त्याने कुंचला धुतला, पाणी स्वच्छ निघालं, आणि त्याने तो खुशाल पिवळ्यात बुडवला. काम झाल्यावर होता तिथे ठेवूनही दिला.

भट्टी उघडली.

मुनीरची वेल निळीशार उतरली होती. सटवाजीच्या पिवळ्या पाकळ्यांत मात्र हिरवट निळ्या शिरा पसरल्या होत्या.

बाबांनी ती लादी उचलून उजेडात धरली.

“या पिवळ्यात निळं कुठून आलं?”

“भट्टीचा दोष, बाबा.” नाचता येईना, अंगण वाकडं.

“भट्टीचा...”

बाबांनी लादी खाली ठेवली. मुनीर खाली मान घालून उभा होता. त्याला कळलं होतं. तरी तो चकार शब्द बोलला नाही, आणि तेच सटवाजीला शिवीपेक्षा जास्त झोंबलं. हा चांगुलपणातही माझ्या पुढे!

“घेतला मी त्याचा कुंचला!” तो ओरडला. “घेतला! चांगलं ते सगळं तुम्ही त्यालाच देता. तो कुंचला माझा असता ना, तर...”

“मग घे की.”

बाबांनी मुनीरचा कुंचला सटवाजीच्या हातात ठेवला. कोपऱ्यात पडलेला आयाळीचा कुंचला उचलून मुनीरपुढे धरला. “आणि तू हा घे. दाराची लादी यानेच रंगव.”

मुनीर दचकला. “पण बाबा, हा सटवाजीदादांचा आहे...”

“त्यालाच विचार.”

“घे, घे!” सटवाजी म्हणाला. “मला काय करायचाय तो!”

आता होऊ दे फजिती, असं त्याच्या मनात आलं. त्याला बरंही वाटलं.

मुनीरने कुंचला भिजवला आणि आधी एका फुटक्या खापरीवर हात चालवून पाहिला. पहिली रेघ फिसकटली. सटवाजी गालात हसला. दुसरी जरा बरी आली. मग एक पान उमटलं, देठाशी भरदार, टोकाशी केसाएवढं, एकाच दमात ओढलेलं. मुनीर त्या पानाकडे थोडा वेळ पाहत राहिला. मग तो मोठ्या लादीकडे वळला.

हळूहळू लादीवर सरूचं उंच, निमुळतं झाड उभं राहिलं. पुन्हा रंग घोटायला बसलेले बाबा थांबले.

सटवाजीच्या हातात खारीचा कुंचला होता. पूर्वी होता तेवढाच मऊ. पण त्याचं लक्ष मुनीरच्या हातातल्या आयाळीच्या कुंचल्याकडे होतं.

“बाबा...”

“हं.”

“तो... तो माझा कुंचला आहे. मला परत हवा.”

बाबांनी खल बाजूला सारला.

“देतो. पण आधी सांग, मुनीरच्या हातात जायच्या आधी तो कोपऱ्यात पडला होता, तेव्हा कुणाचा होता?”